बाप जित्ता असताना

मिसरूड फुटलं की पोरगं मोठं झालं, असं आमच्याकडे म्हणतात. माझं फुटलं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षी. त्यामुळे मी मोठा झालो की होतो त्याहून लहान झालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. खोलीतल्या मित्रांना मी ती हसत हसत सांगितली आणि तेही पोट धरून हसले. पण ती हसण्यासारखी आहे असं मला स्वतःला कधी वाटलं नाही. म्हणून एकदा लिहून पाहतो आहे.

यवतमाळहून दिग्रसकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फाटा लागतो. तिथे उतरून आत चालत गेलं की आमचं गाव. घरची शेती, कापूस, ज्वारी आणि तूर. घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच, आणि या पहिलेपणाचा मला सुरुवातीला फार अभिमान वाटे. पुढे ध्यानात आलं की मी घरी गेलो की आई मला पाटावर बसवून आधी वाढते. मी वखराला हात लावला की बाबा म्हणतात, "राहू दे, हात खराब होतीन." आणि ओसरीवर चार माणसं बसून काही ठरवत असली की तेच बाबा मला पाण्याचा तांब्या आणायला आत पाठवतात. मला घरात पाहुण्याचा मान होता, पण घरातल्या माणसाचा शब्द नव्हता.

त्या दिवाळीत मी आणि माझी धाकटी बहीण वावरात कापूस वेचत होतो. ती तेव्हा सातवीत होती. कमरेला ओटी बांधून माझ्यापुढे कापसाच्या दोन ओळी तरी ती सहज जात असे. मधेच थांबून म्हणाली, "भाऊ, माही सोयरीक पाहून राह्यले."

"कोणी सांगतलं तुले?"

"सांगते कोण? माय ठेवणीतलं लुगडं उन्हात घालते, बाबा ओसरी सारवाले लावते, मंग मले समजत नाही काय?" मग खाली बघत बोंड तोडता तोडता म्हणाली, "मले सातवीची परीक्षा देऊ द्या म्हणा. मंग करा काय करायचं तं. मी का पयून चालली कुठी?"

तिच्या शाळेतले मास्तर तिला सांगत असत की सातवी पास झालेल्या मुलींना पुढे मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतात. तिनं ते मनात फार घट्ट धरलं होतं.

"तूच सांग ना बाबाले," मी म्हटलं.

"माहं कोण आयकते? तू कॉलेजात आहे. तुहं आयकतीन."

मी हो म्हणालो. तिला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला खरंच तसं वाटलं होतं.

सुट्टी संपवून मी यवतमाळला परतलो. थंडी चांगली पडल्यावर गावचा एक माणूस बाजाराला आला होता, त्यानं निरोप दिला की रविवारी बाभुळगावकडचे पाहुणे पोरगी पाहायला येणार आहेत. मी बैठकीत काय बोलायचं ते ठरवू लागलो. अंघोळीच्या वेळी, जेवताना, कॉलेजच्या वाटेवर तीच वाक्यं घोळवत होतो. कॉलेजात वादविवादाच्या स्पर्धेत मी एकदा उभा राहिलो होतो, तिथल्यासारखीच ती वाक्यं मी बांधली. आणि मग माझं लक्ष आरशाकडे गेलं.

माझी मिशी ही मिशी नव्हतीच. ओठावर विरळ काळी लव होती, एका बाजूला जरा जास्त. खोलीतला एक मित्र म्हणायचा, "याच्या ओठाले काजळ लागलं रे, पुसा कोणीतरी." मी आजूबाजूला पाहू लागलो. आमचे प्राध्यापक, कोर्टाकडे जाणारे वकील, ज्यांच्या बोलण्याला लोक माना डोलवत असत त्यांच्यातले बहुतेक गुळगुळीत ओठांचे होते. या काजळासकट बैठकीत बसलो तर मी पोरसवदाच दिसणार, असं मला वाटलं. आज हे लिहितानाही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही, पण मी मिशी काढली ती मोठा दिसावं म्हणून.

स्टँडजवळ एका मुसलमान कारागिराचं सलून होतं. तो वयानं मोठा होता आणि थोडं मराठी, थोडं हिंदी बोलायचा. खुर्चीत बसल्यावर मी म्हटलं, "दाढी. अन् मिशी पण काढून टाका."

त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "अब्बा हैं ना तुम्हारे?"

"हां, हैं," मी म्हटलं. "खेत में होंगे."

"फिर सोच लो, भाई."

"सोच लिया."

तो जरा वेळ आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मग "शहर में सब चलता है" असं स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं वस्तरा लावला. मला वाटलं, मी लहान दिसतो म्हणून वडिलांची परवानगी विचारतो आहे. मनात थोडा रागही आला. जो तो बापालाच विचारणार काय?

बाहेर पडलो तो ओठाला गार वारा लागत होता. गावी जायचं म्हणून मी डोक्यावर पांढरी टोपी घातली आणि दिग्रसची मोटार धरली. त्या टोपीनं पुढचा घोळ घातला.

बाभळीच्या रांगा मागे पडत होत्या आणि मी मनात माझी वाक्यं म्हणत होतो. शेजारी बसलेले म्हातारबुवा आमच्या पलीकडच्या गावचे, बाबांच्या ओळखीचे. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अरे बाप्पा! कवा झालं?"

मी ओठाला हात लावला. लाजल्यासारखं झालं. "आज सकाळीच."

"आजच? अन् तू अथी?"

"आता घरीच चाललो ना."

"हो, जा लागते बाप्पा. पण कसं काय झालं एकाएकी?"

"काही नाही, पाच मिनिटांत झालं. थोडी जळजळ झाली."

"छातीत?"

मोटारीचा आवाज फार होता. त्यांनी काय विचारलं ते मला धड ऐकू आलं नाही. मी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. "चांगला माणूस होता," ते म्हणाले. ते त्या सलूनवाल्याबद्दल बोलताहेत असं मी धरून चाललो. "हो, हात हलका आहे त्याचा," मी म्हटलं.

फाट्यावर तेही माझ्याबरोबर उतरले. माझी वळकटी मोटारीच्या टपावर होती, ती उतरवून घ्यायला मला वेळ लागला. तेवढ्यात ते फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात गेले, तिथल्या लोकांशी काही बोलले, आणि आमच्या गावचा एक जण उभ्या उभ्या सायकलवर टांग टाकून गावाकडे निघाला. मी त्याला हाकही मारली. तो थांबला नाही. हॉटेलातली माणसं उठून उभी राहिली होती आणि कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. मला नवल वाटलं, पण मी कॉलेजातून आलो म्हणून असेल, असंही वाटलं. माणूस स्वतःबद्दल काय काय समजतो!

आमच्या अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या आणि दोघीतिघींनी पदर तोंडाला लावून रडायला सुरुवात केली होती. आई चुलीपुढून उठून आली होती, हात पिठाचे, आणि तिला काही कळत नव्हतं. गोठ्यातून कडब्याची पेंढी काखेत घेऊन बाबा बाहेर आले.

"काहून रडून राह्यले? कोण मेलं?"

शेजारच्या काकूंनी पदर बाजूला करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच म्हणे, भाऊजी."

मी फाटकात उभा होतो. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मग सगळे डोळे माझ्या ओठावर आले. त्या क्षणी मला सगळं कळलं. सलूनवाल्याचा प्रश्न, म्हातारबुवांचे डोळे, सायकल. आमच्याकडे बाप गेला की मुलगा डोक्यावरचे केस आणि मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना मिशीला वस्तरा लावत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावातल्या कुठल्याही मुलाला विचारलं तरी तो सांगेल. पण यवतमाळच्या त्या आरशापुढे ते माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

बाबांनी पेंढी खाली ठेवली. "टोपी काढ."

मी काढली. माझे तेल लावून भांग पाडलेले केस त्यांनी पाहिले.

"बरं झालं बाप्पा, केस ठेवले," ते म्हणाले. "म्हणजे अर्धाच मारला मले."

एक-दोघी हसल्या. आई मात्र हसली नाही. तिनं घरात जाऊन मीठमोहऱ्या आणल्या, बाबांवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. त्या तडतडत असताना ती माझ्याकडे पाहतही नव्हती. बहीण दाराआड उभी होती. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं आणि त्यात ती मला एकदम परकी वाटली.

पाहुणे दुपारी येणार होते. आता या तोंडाचं करायचं काय, यावर माझ्यासमोरच बोलणं सुरू झालं. मला वावरात पाठवून द्यावं, असं आईचं म्हणणं. पण एकुलता मुलगा घरी असून बैठकीत नाही, हे बाभुळगावकरांच्या कानावर गेलं तर तेही वाईट. मी म्हटलं, "मी बैठकीत बसणार."

"हे तोंड घेऊन?" बाबा म्हणाले.

काकूंनी तोड काढली. "दात दुखते म्हणा ना. गालाले दुपट्टा बांधा. कोणाले काय दिसते?"

ती तोड सगळ्यांना इतकी पसंत पडली की मला कोणी विचारलंच नाही. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हनुवटीखालून आणि ओठावरून घेतला आणि डोक्यावर गाठ मारली. बैलाला मुसकं बांधतात तसं.

"बाबा, मले काही सांगायचं होतं," मी आतून म्हणालो.

"सांगशीन मंग. पहिले तोंड झाक."

पाहुणे दोन होते, मुलाचे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ. थोरल्यांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र आणि भरघोस होत्या. बोलताना ते त्यांवरून मूठ फिरवत. मी भिंतीशी बसलो होतो. नमस्कार झाल्यावर त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"यायले काय झालं?"

"दात दुखते," बाबा म्हणाले. "कालपासून डोया नाही लागला."

मग बैठक माझ्या दातावरच रंगली. लवंग दाबायला सांगितली. रुईचा चीक लावू नका म्हणाले, जीभ भाजते. पांढरकवड्याकडे कोणी एक जण कानात फुंकर मारून दाताचा किडा बाहेर काढतो, त्याची हकीकत थोरल्यांनी सांगितली. मुलाचे वडील म्हणाले, "अक्कलदाढ असन. या वयातच येते ते."

"आली तं बरंच आहे," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले.

मी हसलो की नाही ते दुपट्ट्यामुळे कोणाला दिसलं नाही. मला वाटतं आयुष्यात इतका राग मला तोवर आला नव्हता. मी ज्या गोष्टीसाठी आलो होतो तिचा कोणी उच्चारही करत नव्हतं, आणि नसलेल्या दातावर उपाय सुचवत होते.

बहिणीला आणून बसवलं. नाव विचारलं, ते तिनं सांगितलं. भाकरी येते का विचारलं, येते म्हणाली. शाळेचं विचारलं तेव्हा तिनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "सातवीत आहे," ती म्हणाली.

"बस झालं मंग," थोरले म्हणाले. "आता शाळा बंद करा. माघात उरकून टाकू."

"हो, तसंच करू," बाबा म्हणाले.

मी दुपट्ट्याआडून बोललो, "तिची परीक्षा…" पण बाहेर पडलं ते नुसतं गुरगुरणं.

"काय म्हणते?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"लवंग मांगते," बाबा म्हणाले. "आण वं बाई, लवंग आण."

बहीण उठून आत गेली. परत आली आणि माझ्यापुढे वाकून तिनं माझ्या तळहातावर लवंग ठेवली. कापसाच्या वावरात हो म्हणताना मी तिच्याकडे जसं पाहिलं होतं, तसंच ती माझ्याकडे पाहत होती. तिला अजून खात्री होती.

मी गाठ सोडली. दुपट्टा मांडीवर घेतला आणि बोललो. इतके दिवस घोकलेलं सगळं बोललो. वाईट हे की ते जसं घोकलं होतं तसंच बोललो. "माझं आपणा सर्वांस नम्र निवेदन आहे," इथून माझी सुरुवात झाली. तिची परीक्षा चैत्रात आहे, विवाह त्यानंतर व्हावा, दोन-तीन महिन्यांच्या विलंबानं कोणाचंही नुकसान होणार नाही, आमच्या घराण्यातील एकही स्त्री अद्याप सातवी उत्तीर्ण झालेली नाही, असं सगळं. मी शेवटपर्यंत बोललो. ओसरी अगदी शांत झाली होती. मला वाटलं, ऐकताहेत.

थोरल्या पाहुण्यांनी मिशीवरची मूठ खाली घेतली. त्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्या ओठाकडे.

"पाव्हणे," ते बाबांना म्हणाले, "हे काय आहे?"

"चुकलं पोराचं," बाबा म्हणाले. "शहरात राहते. ध्यानात नाही राह्यलं त्याच्या."

"कॉलेजात हे शिकवते काय, बाप समोर बसला असताना?"

"नाही जी. लेकरू आहे."

"लेकरू आहे ते ठीक. पण सोयरीक जमवाच्या दिवशी असं तोंड पाहाले भेटलं…" त्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि टोपी सारखी केली. "पाहू. कळवतो."

चहा ठेवला होता तो तसाच राहिला. जाताना मुलाच्या वडिलांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिल्यासारखं वाटलं. मी काय बोललो याबद्दल कोणी चांगलं म्हणालं नाही आणि वाईटही म्हणालं नाही. शब्द ओसरीत पडले होते की नाही, अशी मला शंका यायला लागली.

बाबा मला रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. ते बैलांना पाणी दाखवायला गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "मिशी आल्याबिगर त्या फाट्यावर उतरू नोको."

संध्याकाळी बहीण मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"आयकलं काय त्यायनं तुहं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग गेले काहून?"

"मिशी पाह्यली."

ती हसली. हसता हसता तिनं राखेचा हात डोळ्याला लावला आणि मग डोळे चोळत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता गावात माहं नाव घेतीन. पाव्हणे उठून गेले म्हणतीन. परीक्षेले तरी बसू देतीन काय बाबा?"

पाहुणे गेले, माघातलं लग्न टळलं, म्हणजे तिला जे हवं होतं त्यातलं अर्धं झालं होतं. पण ते माझ्या बोलण्यानं झालं नव्हतं. जिभेनं जे केलं नाही ते ओठानं केलं, आणि त्याचा डाग तिच्यावर आला.

यवतमाळला परतल्यावर माझं कशात लक्ष लागेना. नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी शिकवलं की एकविसाव्या वर्षी माणसाला मत देता येतं, देशाचा कारभार कोणी करायचा ते सांगता येतं. मी बाकावर बसून ओठ चाचपत होतो. वर्गात मला एक-दोन वर्षांनी देशाबद्दल विचारणार होते. घरी एका मुलीच्या परीक्षेबद्दल कधी विचारणार, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. विचार करता करता मला ते हळूहळू कळलं, आणि कळल्यावर जास्तच त्रास झाला. बिनमिशीचा मुलगा म्हणजे बाप नसलेला मुलगा. त्याला बैठकीत विचारतात, कारण विचारायला दुसरं कोणी उरलेलं नसतं. मिशीवाला मुलगा म्हणजे बाप असलेला. त्याला विचारायची गरज नसते. बाप असून ज्याला विचारतात असा मुलगा कसा दिसतो, ते आमच्या गावात ठरलेलंच नाही. मी रोज आरशात पाहत होतो आणि ती लव पुन्हा उगवत होती, तशीच विरळ, एका बाजूला जरा जास्त. ती वाढावी असंही वाटे आणि तिचा संतापही येई.

बाभुळगावकडून काही कळवलं गेलं नाही. न कळवणं हेच कळवणं. फाल्गुन लागला तेव्हा गावचा तोच माणूस बाजाराला आला. माझ्या खोलीच्या दारात उभा राहून त्यानं आधी माझं तोंड निरखलं.

"बाबानं इचारलं, मिशी आली काय?"

"तुम्हीच पाहा."

"आली म्हणा लागन," तो म्हणाला. "मंग रविवारी ये म्हणे. दिग्रसचे पाव्हणे येऊन राह्यले."

या वेळी मोटारीत माझ्याशी कोणी बोललं नाही. अंगणात कोणी रडत नव्हतं. आईनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठावरून अंगठा फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मी बाबांना गोठ्यात गाठलं. त्यांच्याशी एकट्यानं बोलायचं ठरवून आलो होतो, आणि या वेळी नम्र निवेदन करायचं नाही हेही ठरवलं होतं.

"बाबा, तिची परीक्षा आहे चैतात."

"मालूम आहे."

"तिले बसू द्या परीक्षेले."

"तू बैठकीत बस," ते म्हणाले. "चूप बस."

दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचे वडील आणि मामा आले होते. मी त्याच भिंतीशी, तिथंच बसलो. तोंड मोकळं होतं. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. वळून पाहण्यासारखं आता तिथं काही नव्हतं. कापसाचं बोलणं झालं, मोटारींच्या वेळांचं झालं. मग मामा म्हणाले, "पोरगी पसंत आहे आम्हाले. आखाजीच्या आधी, चैतातच मोकळं व्हा."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे न बघता हात जरासा वर केला, बैलाला थांबवतात तसा, आणि स्वतः बोलले.

"पोरीची परीक्षा आहे चैतात. परीक्षा झाल्यावर पाहू. दोन-तीन महिन्यानं काही आभाय कोसयत नाही. आमच्या घरात आजवर एक बी बाई सातवी पास झाली नाही, जी. हे होऊ द्या."

माझीच वाक्यं. एकेक करून, त्याच क्रमानं, फक्त नम्र निवेदन गाळून. म्हणजे त्या दिवशी ते ऐकत होते. शब्द न शब्द त्यांनी ऐकला होता, आणि मला तसं एका अक्षरानं कळू दिलं नव्हतं.

"बरोबर बोलले तुमी," मुलाचे वडील म्हणाले. "शिकलेली पोरगी असली तं बरंच. तसंच करू."

एवढ्यानं झालं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि मग आतमध्ये कोणीतरी पळत गेल्यासारखं वाटलं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याच वेळी मला तिथून उठून जावंसं वाटलं. तेच शब्द, तीच ओसरी. माझ्या तोंडून ते अपशकुन होते आणि बाबांच्या तोंडून ते शहाणपण झाले.

निघताना मामांचं लक्ष पहिल्यांदा माझ्याकडे गेलं. "हा कोण? तुमचा काय? काय करते हा?"

"यवतमाळले असते," बाबा म्हणाले. आणि मग मिशीआड जरासं हसत, माझ्याकडे पाहून, "बोलाले शिकून राह्यला अजून."

सगळे हसले. मीही हसलो.

बहीण सातवी पास झाली. लग्न लांबत लांबत पुढच्या वर्षी झालं, त्याच दिग्रसच्या मुलाशी. ट्रेनिंगचं काही जमलं नाही. ते का, ही वेगळी गोष्ट आहे आणि तीही माझ्या हातात नव्हती. ती दिग्रसला असते आणि मी गेलो की माझ्या ओठाकडे बघून विचारते, "दात कसा आहे, भाऊ?"

माझं आता बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. त्या दिवशी बाबांनी माझी बाजू घेतली की माझे शब्द घेतले, हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारायला जातो आणि ते बैलांना पाणी दाखवायला निघतात. मिशी आता जरा भरली आहे, तरी मला ती आवडत नाही. स्टँडजवळच्या त्याच सलूनमध्ये मी जातो. तो कारागीर दाढी उरकतो, वस्तरा पुसतो, आणि दर वेळी तो ओठाजवळ आणून आरशातून माझ्याकडे बघतो. ही त्याची थट्टा आहे, मला ठाऊक आहे.

"अब्बा हैं ना?"

"हैं," मी म्हणतो. "खेत में होंगे."